मी सांगितलेली सुईची गोष्ट

ती गोष्ट मी जेवताना सांगितली होती. रविवारची दुपार, भावजयीनं पाटवडीचा रस्सा केलेला, आणि माझा भाऊ नेहमीसारखा पंडरीतल्या गमती सांगत बसलेला. पंडरी म्हणजे आमच्या रायपूरचा कापडबाजार, तिथं त्याचं ठोक कापडाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकं, दलाल, ट्रान्सपोर्टवाले, त्यामुळे त्याच्याकडे किश्श्यांना तोटा नव्हता. तो बोलायला लागला की भावजय तव्यावरची पोळी विसरायची. मी आयुष्यभर समता कॉलनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. तिथल्या गमती काय सांगणार, कोणाच्या लघवीच्या? पण त्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे. आमची आई म्हणायची, या पोट्टीचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. ती असती तर तिनं मला तिथंच गप्प केलं असतं.

मी म्हटलं, माझ्याकडेही एक आहे, ऐका. लॅबमध्ये माझं काम तुकड्यांचं होतं. डॉक्टर लोक पेशंटच्या गाठीतून सुईनं जो तुकडा काढतात, मोडलेल्या शेवईएवढा, तो बाटलीतून आमच्याकडे यायचा. मी तो मेणात बसवायचे, त्याचे पातळ पापुद्रे कापायचे, रंगवून काचेवर चढवायचे, आणि मग आमचे मोठे डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचे, कॅन्सर आहे की नाही. तर एकदा एका माणसाच्या छातीतला तुकडा आला. फुप्फुसात गाठ होती, बरगड्यांच्या मधून सुई घालून काढलेला. कॅन्सर निघाला. पुढं काही महिन्यांनी त्याच माणसाचा दुसरा तुकडा आला, या वेळी छातीच्या कातडीखालचा. सुई जिथून आत गेली होती नेमकी तिथंच वाटाण्याएवढी गाठ उगवली होती. मी तो काचेवर चढवला. आत होता तोच कॅन्सर. सुई बाहेर येताना वाटेत चार पेशी सांडून आली होती.

भाऊ घास हातात धरून ऐकत राहिला. भावजयीनं तोंडाला पदर लावला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या घरात पहिल्यांदाच लोक माझं ऐकून जेवण विसरले होते. मग मी मीठमसाला लावला. त्या माणसाचं पुढं काय झालं ते मला माहीत नव्हतं, तरी "गेला बिचारा" म्हणून मोकळी झाले. इतक्या वर्षांत माझ्या हातून किती तुकडे गेले त्याची गणती नाही आणि असा प्रकार मी एकदाच पाहिला, हे मात्र सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर गोष्टीची मजा गेली असती.

माझे यजमान गेल्यापासून मी भावाच्या घरी वरच्या खोलीत राहते. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडं आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, असं आमचं तीन तोंडांचं बोलणं. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. शिक्षणात त्याचं मन नव्हतं, बारावीनंतर तो सरळ दुकानात बसला, आणि मी बी.एस्सी. केलं म्हणून मी म्हणजे त्याला धन्वंतरी वाटायची. घरात कोणाला ताप येवो, रक्ताचा रिपोर्ट येवो, नाही तर मोबाईलवर कसला काढा येवो, "ताईले विचारा" हे ठरलेलं. मी डॉक्टर नाही असं मी दर वेळी बजावायचे आणि दर वेळी मतही द्यायचे. मान कोणाला नको असतो?

त्या जेवणाला तीनेक वर्षं झाली असतील. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर भावाचा खोकला काही थांबेना. कापडाची धूळ जाते नाकातोंडात, असं तो म्हणायचा. एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला, मग सीटी केला. छातीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावून दाखवली. उजव्या फुप्फुसात बाहेरच्या कडेला, बरगडीला लागून गाठ होती. टीबी असू शकतो, कॅन्सरही असू शकतो, तुकडा काढल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, असं ते म्हणाले. सीटीच्या मशीनमध्ये झोपवून बाहेरून सुई घालू, जागा सोपी आहे, याच आठवड्यात या. हे सगळं भावजयीनं घरी आल्यावर मला सांगितलं.

संध्याकाळी तो वर आला. फिल्मचं पाकीट काखेत. खुर्ची होती तरी खाली बसला, दुकानात गादीवर बसायची सवय. आणि त्यानं मला माझी गोष्ट सांगितली. तो माणूस, ती बरगड्यांमधली सुई, तो वाटाणा, त्या चार पेशी. अगदी माझ्या शब्दांत. मीठमसाल्यासकट, "गेला बिचारा" सकट. मी ती कधीच विसरून गेले होते, आणि त्यानं ती तीन वर्षं जपून ठेवली होती.

मी म्हटलं, अरे, ते एकदाच झालं. मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिलं.

"एकदा झालं म्हंजे होते ना?" तो म्हणाला.

होतंच. डॉक्टरही नाही म्हणत नाहीत. क्वचित होतं, फार फार क्वचित होतं, पण होतं. मी त्याला तसं सांगितलं. तुकडा न काढण्यातच जास्त धोका आहे, हेही सांगितलं. पण कसं सांगितलं? पुटपुटत, फिल्मच्या पाकिटाकडे बघत. तो मला कापडाचं उदाहरण द्यायला लागला. थानातून, म्हणजे कापडाच्या ताग्यातून, एखादा धागा निघालेला दिसला तर तो ओढायचा नसतो, नाही तर उसवत जाते. गाठ बसली आहे तर बसू द्यावी, तिला कशाला डिवचायची? असं बोलत बोलत तो थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"ताई, तू माह्या जागी असती तं लावली असती काय सुई?"

लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. पेशंटला आपण काही सांगायचं नाही. लोक खिडकीशी यायचे, हात जोडायचे. दीदी, फक्त एवढं सांगा, वाईट तर नाही ना? आणि मला माहीत असायचं. काच माझ्याच हातची, मोठ्या डॉक्टरांनी बघून मान हलवलेली मी पाहिलेली असायची. तरी मी म्हणायचे, डॉक्टर बताएँगे. बायका रडायच्या, म्हातारे खिडकीला धरून उभे राहायचे, आणि मी तेच तीनदा, चारदा म्हणायचे. नियम चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ज्या तोंडानं तीस वर्षं एकच वाक्य बोललं त्याला दुसरं येईनासं होतं.

"डॉक्टर सांगतील ते कर," मी म्हटलं.

'हव, लावली असती' एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरं होतं. माझ्या छातीत ती गाठ असती तर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन त्या मशीनमध्ये पडले असते. पण भाऊ व्यापारी माणूस. गिऱ्हाईक घेणार की नुसतं कापड चाचपून जाणार, हे तो चेहऱ्यावरून ओळखायचा. त्यानं माझ्या चेहऱ्यावर नकार वाचला. "समजलं मले," म्हणाला, पाकीट उचललं आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर तो छातीच्या डॉक्टरांकडे फिरकलाच नाही. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेला आणि त्यांना गळ घातली, टीबी असू शकतो ना, मग आधी टीबीच्याच गोळ्या देऊन बघा. थुंकीत काही निघालं नव्हतं, तरी गोळ्या सुरू झाल्या. आमच्याकडे हे घरोघरी चालतं. छातीत डाग निघाला की लोक देवाला म्हणतात, टीबी असू दे. टीबीला औषध आहे, आणि ते सुईशिवाय मिळतं. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. भाऊ म्हणायचा, एवढा पक्का रंग सगळ्या पंडरीत सापडणार नाही. भावजय हसायची, मीही हसायचे. पहिल्या महिन्यात खोकला खरंच थोडा कमी झाला आणि तो जेवताना माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, बघ, सांगितलं होतं की नाही.

त्याची मुलगी बंगळुरूला नोकरी करते. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. ती फोनवर बापावर खूप ओरडली की तुकडा काढा, गोळ्या कसल्या खाता. भावानं तिला सांगितलं, तुझी आत्या जन्मभर हेच काम करत आली, तीच नको म्हणते. मग तिनं मला फोन केला. "आत्या, आपने मना किया क्या?"

मी म्हटलं, नाही गं, मी कुठं मना केलं. आणि ते खरंच होतं, मी मना केलं नव्हतं. ती म्हणाली, मग तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ते ऐकतात. मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला आणि शेंगा निवडत बसले.

पाच महिने असे गेले. माझ्या खोलीत जिन्यातून खालचं सगळं ऐकू येतं. संध्याकाळी तो दुकानातून आला की खोकला सुरू व्हायचा आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. कितीदा तरी मी उठले. तीन पायऱ्या उतरायचे आणि थांबायचे. आत्ता तो जेवत असेल, आत्ता भावजय समोर असेल, आत्ता त्याचा मूड चांगला आहे तो कशाला घालवा. वर येऊन बसायचे. मला कळत होतं. हातानं जन्मभर तेच कापलेल्या बाईला कळणार नाही तर कोणाला? त्याच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. त्या दिवसांत मला तो बाटलीतला माणूस आठवायचा. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, आमच्यासाठी तो बाटलीवरचा एक नंबर होता. आता त्याला तोंड आलं होतं, आणि ते माझ्या भावाचं होतं. भांडी घासताना, देवापुढं दिवा लावताना, कुठंही यायचा. मी लाजत लाजत देवाला सांगायचे की टीबीच निघू दे.

मग त्याची कंबर दुखायला लागली. गादीवर बसून बसून दुखते, सगळ्याच कापडवाल्यांची दुखते. मलम लावलं, पट्टा बांधला. एके दुपारी त्याला गादीवरून उठताच येईना. दुकानातल्या लोकांनी दोन्हीकडून धरून घरी आणला. तेव्हा कुठं आम्ही परत छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. नवीन स्कॅन झाला. गाठ दुपटीनं वाढलेली, आणि मणक्यात दोन ठिकाणी पोहोचलेली. डॉक्टरांनी जुनी फिल्म शेजारी लावली, दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या आणि विचारलं, एवढे दिवस होता कुठं? भाऊ खाली बघत राहिला. मीही खालीच बघत होते. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तेव्हा आला असता तर कदाचित ऑपरेशन करून काढता आली असती, म्हणाले. मला म्हणाले, कारण मी लॅबवाली, मला समजेल.

सुईच्या दिवशी सहीचा कागद आला. त्यात काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं असतं. फुप्फुसाभोवती हवा भरू शकते, रक्त येऊ शकतं. खाली एका ओळीत असंही होतं की फार क्वचित सुईच्या वाटेवर पेशी पसरू शकतात. भावानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो. शाळेत पुस्तकात आपल्या ताईचं नाव छापून आलेलं दाखवावं, तसं. मी साक्षीदार म्हणून सही केली. तो आत गेला. भावजय बाकावर पोथी काढून बसली, तिची दोन पानंही झाली नसतील तोवर त्याला बाहेर आणलं. छातीच्या बाजूला बोटभर कापसाची पट्टी, बस.

"एवढंच होतं काय ताई?" त्यानं विचारलं.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. एवढंच होतं. पाच महिने त्यानं ज्याला घाबरून काढले ते एवढंच होतं, आणि घाबरवलं होतं मी. आपल्या जिभेला चटक लागली म्हणून, चार माणसांनी तोंडाकडे बघावं म्हणून. त्या नळापाशी मला स्वतःची एवढी किळस आली की मी आरशात पाहिलं नाही.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. पाठीला रेडिएशनचा शेक दिला, केमो सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी त्यानं मला खाली बोलावलं. पलंगावर बसला होता, बनियन वर धरून. सुई जिथून गेली होती त्या जागी कातडीखाली तुरीच्या दाण्याएवढं काही तरी वर आलं होतं. मी बोट लावलं. टणक. माझ्या हाताला लगेच कळलं. माझी गोष्ट माझ्या भावाच्या अंगावर उगवली होती.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. पण त्याच्या त्या वाळलेल्या तोंडावर समाधान होतं. आपली बाजू खरी निघाली की माणसाचं होतं ना, तसं.

"तू सांगतलं होतं तसंच झालं पाह्य," तो म्हणाला. "आधीच लावली असती तं तेव्हाच फैलला असता. तुह्यामुळं पाच महिने भेटले मले."

भावजयीनं डोळे पुसले आणि माझा हात आपल्या हातात घेतला.

मी काय सांगायला हवं होतं ते मला शब्दाशब्दानं माहीत होतं. मणक्यात तो सुईच्या आधीच गेला होता. स्कॅन आधीचा, सुई नंतरची. फाइल उशाशी पडली होती, दोन तारखा वाचून दाखवायच्या होत्या, तिसरीतल्या पोराला कळलं असतं. छातीवरचा तो दाणा सुईनंच आला असावा, डॉक्टरांनीही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. क्वचित होतं ते याला झालं, नशीब. पण त्या दाण्यानं काही बिघडत नाही, चार दिवस शेक दिला की बसेल, खरा आजार हाडात आहे आणि तो तिथं त्या पाच महिन्यांत पोहोचला. म्हणजे माझी गोष्ट खरी ठरली होती आणि तिच्यामुळेच तो मरत होता. आणि तो माझे उपकार मानत होता.

मी "हव" म्हटलं. एवढंच. मरणाऱ्या माणसाच्या हातून एवढं समाधान तरी कशाला काढून घ्या, असं मी स्वतःला समजावलं. आजही समजावते. त्यात अर्धं खरं आहे.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत तो गेला. तेरवीला पंडरीतले व्यापारी, पाऱ्यातले म्हणजे मोहल्ल्यातले लोक, नातेवाईक, घर भरून गेलं. भावजय भिंतीला टेकून प्रत्येकीला एकच सांगत होती. सुई लावली अन् फैलला. ताईनं आधीच सांगतलं होतं, पण डॉक्टरायनं ऐकलं नाही. बाया माझ्याकडे वळून बघायच्या, मान हलवायच्या. दोघीतिघी माझ्या पाया पडल्या. मी मोठी म्हणून पडल्या असतील, पण मला वाटलं की या गोष्टीच्या पाया पडताहेत. कोणी मला चहा आणून दिला आणि मी तो प्यायले.

त्यानंतर ती गोष्ट मला सोडेना. पुढं एकदा सदर बाजारात सोनाराकडे साखळीची कडी जोडायला गेले होते. शेजारच्या स्टुलावर एक बाई बसली होती, ओळखीची ना पाळखीची. ती सोनाराला हिंदीत सांगत होती, पंडरीच्या एका कपडेवाल्याला कशी सुई लावली आणि दोन दिवसांत सगळ्या अंगात कॅन्सर कसा पसरला. त्याची बहीण मोठी डॉक्टरीण होती म्हणे, तिनं हात जोडून मना केलं होतं. सोनार कडीला डाग देता देता थांबला आणि म्हणाला, माझ्या मेहुण्यालाही डॉक्टरांनी सुई सांगितली आहे, त्याला हेच सांगतो. मी तिथं बसले होते. माझ्या गुडघ्याला तिचा गुडघा लागत होता. मला म्हणता आलं नाही की ती बहीण मी, मी डॉक्टरीण नाही आणि मी हात जोडले नव्हते. साखळी घेतली आणि बाहेर आले. समोरून स्कूटरवाला काय तरी बोलून गेला. घर कोणत्या बाजूला आहे तेच मला सुचेना, एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिले. कोण असेल तो मेहुणा? त्याला किती दिवस झाले असतील?

तेव्हापासून माझी झोप गेली म्हटलं तरी चालेल. बाजारात कोणी खोकलं की मी वळून बघते. रायपुरात कुठल्या कुठल्या घरात माझी गोष्ट जाऊन बसली असेल याचा हिशेब मनात चालू असतो. तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही हे लहान पोरालाही माहीत असतं. मला म्हातारपणी कळलं.

मग गेल्या महिन्यात भावजयीची धाकटी बहीण आली. भिलाईला असते, नवरा कारखान्यात नोकरीला. दुपारची वेळ होती. जिन्यात दोघींची पावलं वाजली. भावजय गुडघ्यांमुळे सहसा वर येत नाही, त्या दिवशी आली. बहिणीच्या हातात फिल्मचं पाकीट होतं. नवऱ्याच्या छातीत डाग निघाला होता, डॉक्टर सुई लावू म्हणत होते.

"ताई, हिले तुमीच सांगा," भावजय म्हणाली. "सुई लावू देऊ नको म्हणा. तुमचं ऐकन."

मी फिल्म खिडकीकडे धरली. या वेळी डाव्या बाजूला होती गाठ, लहान होती. बहीण सांगत होती की घरचे म्हणतात आधी टीबीच्या गोळ्या घेऊन पाहू. मला वाटलं, आताही म्हणता येईल. डॉक्टर सांगतील ते कर. जिभेवर आलंही होतं.

"सुई लाव," मी म्हटलं. "याच आठवड्यात लावून घे. एक दिवस थांबू नको."

भावजयीला वाटलं मी चुकून बोलले. हसली थोडं. ताई, तुमीच तं सांगतलं होतं, म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. असं मी जन्मात एकदाच पाहिलं, आणि ते मी जेवताना मुद्दाम सांगितलं नाही. तो माणूस मेला की जगला मला माहीत नाही. भावाच्या मणक्यात सुईच्या आधीच गेलं होतं, फाइलमध्ये तारखा आहेत, काढून बघ. छातीवर जो दाणा आला त्यानं तो गेला नाही, त्या पाच महिन्यांनी गेला. माझ्या छातीत असती तर मी लावली असती. एकदा बोलायला लागले तर थांबता येईना. बहीण एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

भावजय खाटेच्या कडेवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"मंग ह्यायले काहून नाही सांगतलं?" तिनं विचारलं.

"भेव वाटलं मले," मी म्हटलं.

"कशाचं?"

"सुई लावली असती अन् खरंच तसं झालं असतं, तं माह्यावर आलं असतं."

एकोणतीस वर्षांत ती मला कधी वर तोंड करून बोलली नाही. तेव्हाही आवाज चढवला नाही तिनं.

"मंग त्यायच्यावर आलं," ती म्हणाली.

माझ्या मांडीवरची फिल्म तिनं उचलली, पाकिटात घातली, बहिणीचा दंड धरला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेली. थोड्या वेळानं खालून तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. सुई कोणत्या दिवशी लावतात, असं ती दवाखान्यात हिंदीत विचारत होती.